बंकटची सावड

नांदूरघाट,
आश्विन शुद्ध एकादशी, शके १८३८

चि. बद्रीनाथ यास राधाकिशनचा आशीर्वाद पोचो.

कालचा दसरा देवळाच्या ओवरीत झाला. सोनं द्यायला चार माणसं आली, त्यांना बसा म्हणायला जागा नव्हती. उभ्याउभ्याच सोनं दिलं नि गेली. मायनं तोंड फिरवून घेतलं. सणाच्या दिवशी तिचे डोळे पुसायला दुसरं कुणी नाही, म्हणून मीच पुसले, तेही बाजेवर पडल्या पडल्या.

भाद्रपदातल्या पुरानं खालची आळी नेली, हे तुला कळवलंच होतं. आपल्या घराच्या भिंती पाणी उतरल्यावरही उभ्या होत्या. म्हणून मी बैलांचं सामान काढायला आत गेलो आणि भिजलेली भिंत पायावर बसली. हाडवैदानं पाय कामट्यांत बांधून ठेवलाय. शिमग्यापर्यंत जमिनीवर टेकायचा नाही म्हणतो.

आता कामाचं ऐक. तहसीलदारसाहेबांनी वरच्या माळावर नव्या गावठाणाची जागा आखून दिली. आपल्यालाही तुकडा मिळाला, चांगला ऐसपैस आहे. पण घर बांधणार कोण? सगळ्या आळीला एकाच वेळी माणसं हवीत. म्हणून हरिबा नानांनी देवळासमोर सगळ्यांना बसवून ठरवलं, की काढणीला-खुडणीला जशी सावड करतो तशी घरांची करायची. आज सगळ्यांनी मिळून एकाचं घर उभं करायचं, ते झालं की दुसऱ्याचं. दर घरचा एक गडी रोज चिखल तुडवायला उभा राहिला पाहिजे. जो दुसऱ्याच्या घराला उभा राहिला, त्याच्या घराला गाव उभं राहील. जो नाही राहिला, त्याचं तो बघून घेईल.

आपल्या घरी उभा राहणारा कोण? माझी ही गत. घरधनीण जाऊन तीन वर्षं झाली, मूलबाळ नाही. परवा माय घागर घेऊन माळावर गेली आणि चिखलात पाणी ओतायला लागली. हरिबा नानांनी तिला हाताला धरून परत आणली. म्हणाले, "छबुवैनी, ह्ये तुमचं वय हाय का? बद्रीला बोलवा. त्याचं घर न्हाई का ह्ये?"

तेव्हा ये. वकीलसाहेबांना सांग, आणि ये. माय खोकते फार.

राधाकिशन


बीड,
आश्विन वद्य चतुर्थी

तीर्थरूप दादांच्या चरणी बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र वाचून मन फार कष्टी झाले. मातोश्रींच्या खोकल्यास अडुळशाचा काढा द्यावा.

येण्याबद्दल लिहिले ते वाजवी आहे, परंतु रुखसत मिळणे मुष्किल. सध्या अदालतीत कामाची गर्दी आहे. वकीलसाहेबांचे सारे दफ्तर माझ्या हाती आहे. मी एक दिवस नसलो तर कोणता कागद कोठे आहे हे त्यांस सापडत नाही. काल सर्वांसमक्ष ते म्हणाले, "बद्रीनाथ, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत." असे असता कोणत्या तोंडाने रजा मागावी?

दुसरे असे, की ही सावडीची रीत मला काही पसंत पडली नाही. पेरणीकाढणी वेगळी, घर बांधणे वेगळे. हरिबा नाना वडील माणूस, पण त्यांस जमाना बदलला हे ठाऊक नाही. आपण त्यांस सांगावे, की बद्रीनाथ त्याच्या वाट्याचे रोख पाठवून देतो, त्यात गावाने दुसरा माणूस लावून घ्यावा. शहरात सर्व कामे अशीच होतात.

मातोश्रींना इकडे आणावे असे फार मनात येते. परंतु माझी खोली लहान, त्यात माझा मेहुणा, कौशल्येचा भाऊ, शिकायला येऊन राहिला आहे.

आपला,
बद्रीनाथ


नांदूरघाट,
आश्विन वद्य दशमी

चि. बद्रीनाथ,

तुझा निरोप हरिबा नानांना सांगितला, आणि उगाच सांगितला असं झालं. सगळी ओवरी हसली. नाना म्हणाले, "त्याला लिवा, पैशाला पाय असतील तर पाठवा म्हणावं, चिखल तुडवू त्यांच्याकून."

अरे, तुला कळत कसं नाही? इथं पैसा घेऊन करणार काय? मजूर कुठून आणायचा? ज्याला त्याला आपल्याच भिंतीची घाई आहे. माणसाला माणूस पाहिजे म्हणून तर सावड केली. तू आठ वर्षांचा होईपर्यंत या गावात वाढलास, आपल्या बापाबरोबर सावडीला गेलास, बांधावर बसून सावडीची भाकर खाल्लीस. बिडाचं पाणी पिऊन सगळं विसरलास का?

पाळ्या ठरल्या आहेत. आपली पौषात आहे. तोवर आपल्याकडून माणूस उभा राहिला पाहिजे. दिवाळीला तर अदालत बंद असते ना? तेव्हा ये. निदान सुरुवात कर, पुढचं मी हातापाया पडून सांभाळून घेईन. माझा एकच पाय चालतो, पण तोंड अजून चालतं.

अडुळशाचा काढा देऊन झाला. ओवरीला तीन बाजूंनी वारा लागतो, त्याला अडुळसा काय करणार?

राधाकिशन


बीड,
कार्तिक शुद्ध सप्तमी

तीर्थरूप दादांस बद्रीनाथचा नमस्कार.

दिवाळीस येण्याची सर्व तयारी केली होती. परंतु ऐन वेळी वकीलसाहेबांनी एका मोठ्या मुकदम्याचे काम काढले. सबब दिवाळी दफ्तरातच गेली. घरात दिवासुद्धा कौशल्येनेच लावला. असो. नोकरी म्हणजे पराधीन जिणे.

पण मी हातावर हात ठेवून स्वस्थ बसलो नाही. तलवाड्याचे आमचे सासरे आप्पाराव यांच्याकरवी एक गडी मुक्रर केला आहे. नाव बंकट. अंगाने चांगला आहे. त्याची मजुरी ज्वारीच्या रूपाने सासरे पोचती करतील. तो आपल्याकडे जेवेल, आपल्यापाशी राहील. सालगडी हा घरचाच माणूस धरतात, ही तर आपल्याकडची जुनी रीत. तेव्हा हरिबा नानांना बोलायला जागा नाही. तो माझ्या जागी उभा राहील. तो उभा राहिला म्हणजे मीच उभा राहिलो असे समजावे.

बद्रीनाथ


नांदूरघाट,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बद्रीनाथ,

तुझा बंकट आला. आधी मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भाऊ मागितला आणि गडी आला, कुणाला गोड लागेल? पण खोटं कशाला बोलू, माणूस लाखात एक निघाला. दिवस उगवायच्या आत माळावर असतो. पांढरी माती, तूस, पाणी, सगळं तुडवून असा चिखल करतो की भिंत घालणारे त्याच्याच चिखलाच्या आळ्यातून घमेली भरून घेतात. दिवसभर गाणं चालू. परत आला की मायला दोन घागरी पाणी आणून देतो. काल मला पाठीवर घेऊन नदीवर नेलं नि आंघोळ घातली. दोन महिन्यांनी माझ्या पाठीला पाणी लागलं.

आणि इमानी किती! तुझ्या सासऱ्यांनी त्याच्या मजुरीची ज्वारी पाठवली, ती त्यानं गाडीतून उतरवूसुद्धा दिली नाही. गाडीवानाला म्हणाला, "परत घिऊन जा. मला मजुरी नगं." मी विचारलं, "कावून रे?" तर नुसता हसला. आपल्या घराचे हाल बघून त्याला मजुरी घ्यायची लाज वाटली असणार. परक्याच्या पोटी इतकी माया असते!

आता दुसरं. आठ-दहा दिवसांपूर्वी जेवताना मायनं त्याला विचारलं, की तुला बद्रीनं कुठं गाठलं. बिचाऱ्याला काय माहीत. तो म्हणाला, "पाडव्याला जावईबापू तलवाड्याला आलते न्हवं का. चांगले चार दिस व्हते. लई मोठा सन झाला. जाताना मला बोलावून घितलं नि म्हनले, नांदूरघाटाला जातूस का?"

मायच्या हातातली भाकर तशीच राहिली.

दफ्तरात दिवाळी गेली म्हणतोस? तलवाड्याहून नांदूरघाटला यायला बैलगाडी होती, वाट होती, सुट्टी होती. तू सासरी अनारसे खात होतास आणि आम्ही ओवरीत एका पणतीला वाऱ्यापासून हातानं आडोसा करत होतो. मला तुझा इतका राग आला, की पत्र लिहायला आठ दिवस लागले. मायनं मात्र बंकटला दुसरी भाकर वाढली. मला तेच खातंय.

राधाकिशन


बीड,
मार्गशीर्ष वद्य तृतीया

तीर्थरूप दादांस नमस्कार.

गडीमाणसाच्या बोलण्यावरून आपण भावाची पारख करावी याचे वाईट वाटले. पहिला दिवाळसण होता, सासरे नाराज झाले असते. आपणांस खुलासेवार लिहिले तर मन दुखावेल म्हणून लिहिले नाही. आता त्याचा बाऊ करू नये.

घराबद्दल मी येथे पुष्कळ विचार केला आहे. पाळी जवळ आली, तेव्हा काही सूचना लिहितो. घर तीन खणांचे असावे. पुढचा खण बैठकीचा करावा, कारण पुढेमागे वकीलसाहेबांचे पाऊल आपल्याकडे लागण्याचा संभव आहे. दरवाजा रस्त्याकडे आणि उंच ठेवावा, वाकून आत यावे लागू नये. माळवदाला तुळया लिंबाच्या घ्याव्या. भिंतीत दोन कोनाडे माझ्या पुस्तकांसाठी राखावेत.

काम माझ्या नजरेखाली झाले असते तर बरे होते. पण बंकट आहेच.

बद्रीनाथ


नांदूरघाट,
पौष शुद्ध नवमी

बद्रीनाथ,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसाच सुरू करतो. सगळा घोटाळा झालाय आणि कुणावर ओरडावं ते मला कळत नाही.

सोमवारी आपली पाळी आली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, ज्याचं घर त्यानं पहिली कुदळ मारायची. चौघांनी मला बाजेवर घालून माळावर नेलं. मी म्हटलं, बाजेवरूनच कुदळीला हात लावीन. माय नवं लुगडं नेसली होती. नारळ फुटला. हरिबा नानांनी कुदळ उचलली आणि माझ्या बाजेवरून पुढं जाऊन बंकटच्या हातात दिली.

मला वाटलं, माझा पाय असा, म्हणून. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. डोक्यावर बोचकं, काखेत कोंबडी. तिनं कुदळीला हळदकुंकू लावलं. बंकटची बायको. आदल्या दिवशीच तलवाड्याहून आली होती.

मी ओरडलो, "नाना, हे काय चाललंय? घर कुणाचं?"

नाना शांतपणे म्हणाले, "बंकटचं. त्यानं समद्या आळीच्या घराला चिखल तुडवला. आलता त्याच दिशी त्यानं मला सांगितलं, नाना, मी मजुरी घेनार न्हाई, माजे दिस माज्या नावावर धरा. मला माजं घर न्हाई, गोठ्यात निजतो, असं म्हनला. मजुरी घेतली असती तर दिस बद्रीचे झाले असते. त्यानं न्हाई घितली. मग दिस कुनाचे?"

मी म्हटलं, आमच्या घरी जेवला तो, आमच्या वतीनं आला. नाना म्हणाले, "जेवला, ते खरं. पन पानीबी त्यानंच भरलं." मग त्यांनी मायकडं पाहिलं. "छबुवैनी, तुमीच सांगा. तुमच्या घरचं कोन उभं व्हतं?"

मला वाटलं, माय आता रडून-भेकून तुझं नाव घेईल, आणि नाना विरघळतील. माय म्हणाली, "बंकट उभा व्हता. माजं पोरगं न्हवतं. खोटं कशी बोलू?"

बद्री, तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं! मी ज्याला इमान समजलो ते तिनं आणि बंकटनं नदीवर बोलून ठरवलेलं होतं. आपल्या तुकड्यातली अर्धी जागा तिनं त्याला दिली. घर दोन खणांचं, एक त्याचा, नि दुसऱ्यात माय आणि मी, ती आहे तोवर. नानांना साक्षीला घेतलं. मलाच तेवढं सांगितलं नाही.

मी ओवरीत आल्यावर तिच्यावर इतका ओरडलो, की बाजूची माणसं उठून बाहेर गेली. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू त्याला हाकलला असता. मग ह्या थंडीत काय केलं असतं मी? बद्री येनार न्हाई हे मला दसऱ्यालाच कळलं व्हतं. तुला कळत न्हवतं."

घराच्या भिंती कमरेइतक्या आल्यात. गावातला एकूण एक माणूस चिखलात आहे. दरवाजा वाकून जाण्याइतकाच आहे, आणि कोनाडे तुझ्यासाठी नाहीत.

मला कळव, आता काय करायचं. तू शिकलेला आहेस.

राधाकिशन


बीड,
पौष वद्य द्वादशी

तीर्थरूप दादांस,

आपले पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. हा सरासर दगा आहे. मी वकीलसाहेबांना नाव न सांगता मजकूर सांगितला. त्यांचे मत स्पष्ट पडले, की गडी ज्याने पाठविला, त्याच्या मेहनतीवर हक्क त्याचाच. मजुरी त्याने घेतली नाही हा त्याचा गुन्हा, आपला नव्हे. मातोश्रींना जागा देण्याचा अधिकार नाही. त्या बाईमाणूस, त्यांस फूस लावली गेली.

सोबत दरख्वास्त तयार करून पाठवीत आहे. त्यात बंकट याने आजारी माणसाची आणि वृद्ध स्त्रीची फसवणूक करून जागा बळकावली असे लिहिले आहे. हरिबा यांचेही नाव घातले आहे. आपण शेवटी सही करावी आणि मातोश्रींचा अंगठा घ्यावा. बंकटला आठ दिवसांत हुसकून लावतो. घर तयार होत आले असेल तर बरेच आहे. आपल्याला नव्याने बांधावे लागणार नाही.

सही करण्यास उशीर नको.

बद्रीनाथ


नांदूरघाट,
माघ शुद्ध त्रयोदशी

बद्रीनाथ,

दरख्वास्त सही न करता परत पाठवतोय. कागद पाठकोरा आहे, तुझ्या कामी येईल.

सही करायची नाही असं मी आधीपासून ठरवलं होतं, असं समजू नकोस. कागद आला त्या दिवशी मी दौत मागवली होती. त्या बंकटवर माझा अजून राग होता. अजूनही आहे थोडा. त्याच्या घरात मी बाजेवर पडलेला, आणि तो रोज संध्याकाळी दारातून विचारणार, "दादा, धूर लागतूय का? चूल सरकवू का?" त्याच्या त्या अदबीनं माझं डोकं उठतं. मालकासारखा वागला असता तर भांडता तरी आलं असतं.

पण मायचा अंगठा घ्यायचा म्हणजे काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवायला हवं. वाचलं. आजारी माणसाची फसवणूक, वृद्ध स्त्रीची फसवणूक, सगळं वाचलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात तो येनार हाय, असं कुठं लिवलंय का?" मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितला. नव्हतं. दसऱ्यापासून आलेली तुझी सगळी पत्रं मनात फिरवली. रुखसत होती, वकीलसाहेब होते, तीन खण होते, कोनाडे होते. माय कशी निजते, हे एकाही पत्रात तू विचारलं नव्हतंस. ज्या घरात तुझी आई निजते ते घर आयतं मिळेल म्हणून तुला आनंद झाला, एवढंच काय ते त्यात होतं. दौतीला मी झाकण लावलं.

मला सगळ्यांत जास्त राग माझाच येतो. चार महिने मी या माणसांना सांगत होतो, की माझा भाऊ येईल. हरिबा नानांशी भांडलो, मायवर ओरडलो. गावात एकट्या मलाच ते खरं वाटत होतं.

माय आता खोकत नाही. भिंती नव्या आहेत, माळवदावरची माती अजून ओली आहे, पण वारा आत येत नाही. बंकटच्या बायकोशी तिचं पटतं. दोघी मिळून सारवतात आणि माझ्याविषयी बोलून हसतात, मला ऐकू येतं.

आपली उरलेली अर्धी जागा तशीच मोकळी आहे. माळावर अजून काही घरं बाकी आहेत. हाडवैदानं काठी दिली की मी आळ्याकाठी उभा राहणार आहे, भिंतीला सरळ दोरी धरायला तरी. तेवढे दिवस माझ्या नावावर धरायला नाना तयार आहेत. घर होईल की नाही, कोण जाणे.

हे पत्र लिहिताना मायला विचारलं, की बद्रीला तुझ्याकडून काय लिहू. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "लिव, ये म्हनावं. माजा लेक हाय त्यो. पन आदी बंकटला इचार."

मी बाजेवरूनच हाक मारून बंकटला विचारलं. तो हात धुवत होता. म्हणाला, "इचारायचं काय दादा त्यात? पावन्याला कुनी न्हाई म्हनतं का?"

तेव्हा ये. दरवाजा ठेंगणा आहे, वाकून आत यावं लागेल.

राधाकिशन